फिरतं कृष्णविवर, भोवतालचं द्रव्य आणि तुमचा प्रकल्प: मॉडेल निवडताना काय पाहाल?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं संशोधन प्रकल्पाचं सत्र आलं की मराठवाड्यातल्या पडेगावात माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. ‘सर, फिरत्या कृष्णविवरावर काम करायचंय, कुठलं मॉडेल घेऊ?’ ‘केरचं उत्तर घेतलं की झालं ना?’ ‘चकतीची मॉडेलं पाच-सहा दिसतात, त्यातलं खरं कुठलं?’ ‘सुपरकॉम्प्युटर लागतो म्हणतात, मग इथं बसून कसं होणार?’ यंदा तर एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीही विचारलं, ‘यासाठी पुण्याला खोली घेऊन राहावं लागेल का?’

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र मिळावीत म्हणून हा लेख लिहितो आहे. तुम्ही पदव्युत्तर विद्यार्थी असा, चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असा किंवा पीएचडीचा विषय शोधत असा, मॉडेल ठरवण्याआधी तो एकदा पूर्ण वाचा. माझं सांगणं एका वाक्याचं आहे: आधी प्रश्न ठरवा, मग त्या प्रश्नाला पुरेल एवढंच साधं मॉडेल घ्या. बहुतेकांची गाडी अडते ती उलट क्रमामुळे. भारी मॉडेल आधी निवडलं जातं आणि त्याला शोभेल असा प्रश्न शोधण्यात अर्धं सत्र निघून जातं.

सुरुवातीला एवढं पुरे

१९६३ साली रॉय केर यांनी फिरत्या कृष्णविवराचं नेमकं गणिती उत्तर शोधलं. त्यात दोनच आकडे लागतात: वस्तुमान आणि फिरकी. फिरकी शून्यापासून एकपर्यंतच्या आकड्यानं सांगतात. शून्य म्हणजे न फिरणारं आणि एक म्हणजे कमाल वेगानं फिरणारं.

ताक घुसळताना रवीजवळचं ताक जोरात फिरतं आणि रांजणाच्या कडेचं हळू. फिरतं कृष्णविवर भोवतालच्या अवकाशकाळाला साधारण असंच आपल्याबरोबर फिरवतं. जवळ हा परिणाम तीव्र असतो आणि लांब जाल तसा झपाट्यानं ओसरतो. प्रत्यक्ष कामाला लागणारा त्याचा परिणाम असा: फिरकीच्या दिशेनं फिरणारं द्रव्य कृष्णविवराच्या जास्त जवळ जाऊनही स्थिर कक्षेत टिकतं. या सर्वांत आतल्या स्थिर कक्षेला संशोधक ‘इस्को’ म्हणतात. तिच्या आत गेलेलं द्रव्य फार वेळ न काढता आत पडतं.

खालचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. अंतर ‘गुरुत्वीय त्रिज्ये’च्या पटीत दिलं आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाला ही त्रिज्या सुमारे १.४८ किलोमीटर येते. शेवटचा आकडा सांगतो की पडणाऱ्या द्रव्याच्या वस्तुमान-ऊर्जेतला किती वाटा प्रारण म्हणून बाहेर पडू शकतो.

- फिरकी ०: इस्को ६ पट, ऊर्जा ५.७ टक्के
- फिरकी ०.५: इस्को ४.२३ पट, ऊर्जा ८.२ टक्के
- फिरकी ०.७: इस्को ३.३९ पट, ऊर्जा १०.४ टक्के
- फिरकी ०.९: इस्को २.३२ पट, ऊर्जा १५.६ टक्के
- फिरकी ०.९९८: इस्को १.२४ पट, ऊर्जा सुमारे ३२ टक्के
- फिरकी १: इस्को १ पट, ऊर्जा ४२ टक्के
- कमाल फिरकी, पण द्रव्य उलट दिशेनं फिरणारं: इस्को ९ पट, ऊर्जा ३.८ टक्के

आता एक हिशेब स्वतः करा. दहा सूर्यांएवढं कृष्णविवर घेतलं तर गुरुत्वीय त्रिज्या १४.८ किलोमीटर. ते फिरत नसेल तर इस्को सुमारे ८९ किलोमीटरवर पडते आणि दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळानं तिथलं द्रव्य सेकंदाला साधारण २२० फेऱ्या मारतं. फिरकी ०.९ धरली की इस्को ३४ किलोमीटरवर येते आणि फेऱ्या होतात सेकंदाला सुमारे ७३०. वस्तुमान तेच, फक्त फिरकी बदलली, आणि चकतीची आतली कड एवढी सरकली. फिरकी मोजण्याच्या बहुतेक पद्धती याच फरकावर उभ्या आहेत. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर जमला म्हणजे तुम्ही कामाला लागलात असं समजा.

पहिला निर्णय: द्रव्याचं स्वतःचं वजन धरायचं का?

‘द्रव्यानं वेढलेलं फिरतं कृष्णविवर’ या शब्दांत दोन वेगळी कामं दडलेली आहेत. इथंच सर्वांत मोठा गोंधळ होतो.

पर्याय अ: द्रव्य हलकं मानायचं. गुरुत्वाकर्षण फक्त कृष्णविवराचं. द्रव्य त्या अवकाशकाळात फिरतं, पण त्याला वाकवत नाही. ताऱ्याकडून वायू ओढून घेणाऱ्या कृष्णविवरांना हे अगदी योग्य आहे. वर्षाला सूर्याच्या दहा कोटीव्या भागाएवढा वायू आत पडत असेल, तर एक अख्खा सूर्य गिळायला दहा कोटी वर्षं लागतील. म्हणून कोणत्याही क्षणी आतल्या चकतीत असलेलं द्रव्य दहा सूर्यांच्या कृष्णविवरापुढे नगण्य असतं. इथं केरचं उत्तर जसंच्या तसं वापरता येतं.

पर्याय ब: द्रव्याचं गुरुत्वाकर्षणही धरायचं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्यावर मागे उरलेलं जड कडं किंवा दीर्घिकांच्या केंद्रातल्या चकत्यांचा बाहेरचा भाग अशा ठिकाणी हे लागतं. इथं केरचं उत्तर नेमकं राहत नाही. कृष्णविवर आणि कडं यांचा अवकाशकाळ एकत्र सोडवावा लागतो आणि ते काम संगणकावरच होतं. क्लिफर्ड विल यांनी १९७४ मध्ये हळू फिरणारं कृष्णविवर आणि हलकं कडं घेऊन वाट दाखवली. निशिदा आणि एरिगुची यांनी १९९४ मध्ये जड कड्याची संपूर्ण सापेक्षतावादी मॉडेलं बांधली. २००५ मध्ये आन्सोर्ग आणि पेट्रॉफ यांनी अत्यंत अचूक उत्तरं काढली. त्यांत असं दिसलं की कडं पुरेसं प्रभावी असेल तर मधल्या कृष्णविवराच्या कोनीय संवेगाचं त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाशी असलेलं गुणोत्तर एकच्या वरही जाऊ शकतं. एकट्या केर-कृष्णविवराला ते शक्य नाही.

निर्णय असा करा:

- तुमचा स्रोत क्ष-किरण देणारी जोडतारा-प्रणाली असेल, तर पर्याय अ.
- आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर असेल, तरी पर्याय अ. तिथला वायू अगदी विरळ आहे.
- ताऱ्यांच्या टकरीनंतरचं कडं असेल, तर पर्याय ब लागेल. पण चार-सहा महिन्यांच्या प्रकल्पात तो नव्यानं सोडवायला घेऊ नका. प्रकाशित निकालांचा तुलनात्मक अभ्यास करा, किंवा न्यूटनच्या नियमांपुरता सोपा नमुना घ्या.
- पर्याय ब घेतलाच, तर ‘कृष्णविवराचं वस्तुमान’ म्हणजे नेमकं काय धरलं, हे पहिल्याच पानावर लिहा. कडं जड असताना एकूण वस्तुमानाची वाटणी एकाच प्रकारे होत नाही. व्याख्या न सांगता दिलेला आकडा वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

दुसरा निर्णय: चकती कोणती?

खरं मॉडेल कोणतं, असं विचारू नका. तुमच्या स्रोताची सध्याची तेजस्विता किती आहे, ते विचारा. तेजस्विता मोजण्याचं माप म्हणजे एडिंग्टन मर्यादा. त्या मर्यादेला प्रारणाचा बाहेरचा दाब आणि गुरुत्वाकर्षणाची आतली ओढ बरोबरीला येतात.

- पातळ चकती. शाकुरा आणि सुन्यायेव यांनी १९७३ मध्ये मांडली. त्याच वर्षी नोविकॉव्ह आणि थॉर्न यांनी तिला केरच्या अवकाशकाळात बसवलं. तेजस्विता मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली असेल आणि वर्णपटात मऊ क्ष-किरणांचा उष्ण भाग ठळक दिसत असेल, तर हीच घ्या. पहिल्या प्रकल्पासाठी माझी शिफारस हीच आहे. सूत्रं हातानं सोडवता येतात आणि साध्या लॅपटॉपवर काम होतं.
- उष्ण, विरळ प्रवाह. तेजस्विता मर्यादेच्या एक टक्क्याच्याही बरीच खाली असते तेव्हा वायू थंड होऊ शकत नाही आणि उष्णता घेऊनच आत जातो. रमेश नारायण आणि इन्सू यी यांनी १९९४ मध्ये हे मॉडेल प्रस्थापित केलं. आकाशगंगेच्या केंद्रातल्या सुमारे ४० लाख सूर्यांच्या कृष्णविवरासाठी याच कुळातली मॉडेलं वापरतात. इथं पातळ चकती लावली तर उत्तर चुकणारच.
- जाड कडं. दाबाच्या आधारावर उभं असलेलं, मेदुवड्याच्या आकाराचं. फिशबोन आणि मॉनक्रीफ (१९७६), तसंच अब्रामोविच आणि सहकारी (१९७८) यांची उत्तरं प्रसिद्ध आहेत. संगणकीय प्रयोगांची सुरुवात बहुधा याच कड्यापासून करतात. गणिताची आवड असेल तर हा सुंदर विषय आहे. समदाबाची पृष्ठं काढा आणि फिरकी बदलली की आकार कसा बदलतो ते दाखवा.
- सडपातळ चकती. हा अब्रामोविच आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा नमुना आहे. तेजस्विता मर्यादेजवळ किंवा तिच्या वर असेल तेव्हा लागतो. पहिल्या प्रकल्पात टाळा.
- चुंबकीय प्रवाहाची संपूर्ण संगणकीय मॉडेलं. वायू, चुंबकक्षेत्र आणि वक्र अवकाशकाळ एकत्र सोडवणारी. एम८७ दीर्घिकेतल्या ६५० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाली, तिचा अर्थ लावायला हीच वापरली. मोठे संगणक आणि अनुभवी गट सोबत असेल तरच याकडे वळा. सुपरकॉम्प्युटरची गरज पडते ती इथं. वरच्या पहिल्या तीन पर्यायांतले विद्यार्थी-प्रकल्प लॅपटॉपवर होतात.

तिसरा निर्णय: ऊर्जा पडणाऱ्या द्रव्याची की फिरकीची?

तेजस्वितेचा प्रश्न असेल तर ऊर्जा मुख्यतः पडणाऱ्या द्रव्यातून येते आणि वरचा तक्ता पुरतो. प्रश्न प्रचंड वेगानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोतांचा असेल, तर फिरकीची ऊर्जाही विचारात घ्यावी लागते. कमाल फिरकीच्या कृष्णविवराच्या वस्तुमानापैकी २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा तत्त्वतः फिरकीतून काढून घेता येते.

या वाटेवर महाराष्ट्राचं नाव आहे, ते तुम्हाला माहीत असायला हवं. रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढण्याची कल्पना मांडली. पण फुटणाऱ्या कणाचे तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक सापेक्ष वेगानं वेगळे झाले तरच ती चालते, असं पुढे सिद्ध झालं आणि खऱ्या आकाशासाठी ती निकामी ठरू लागली. १९८५ मध्ये संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मधल्या शोधनिबंधात दाखवलं की भोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर ही वेगाची अट आड येत नाही. दधीच आणि धुरंधर यांचं पुढचं काम पुण्याच्या आयुका या संस्थेत झालं आणि दधीच आयुकाचे संचालकही झाले. झोतांसाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं मॉडेल ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांचं १९७७ चं आहे. त्याची आणि या चुंबकीय पेनरोज प्रक्रियेची तुलना हा उत्तम सैद्धांतिक प्रकल्प होऊ शकतो.

बारा आठवड्यांचा आराखडा

1. आठवडा १. प्रश्न एका ओळीत लिहा. ‘कृष्णविवरांचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘फिरकी ० वरून ०.९ केली तर पातळ चकतीचं कमाल तापमान किती बदलतं?’ हा प्रश्न आहे.
2. आठवडे २ ते ४. वाचन. हार्टल यांचं ‘ग्रॅव्हिटी’, चकतीसाठी फ्रँक, किंग आणि रेन यांचं पुस्तक, आणि बार्डीन, प्रेस व ट्युकोल्स्की यांचा १९७२ चा शोधनिबंध. इस्कोचं सूत्र त्यातूनच घ्या. गणित पक्कं असेल तर आयुकात काम केलेल्या थानू पद्मनाभन यांचं ‘ग्रॅव्हिटेशन’ उघडा.
3. आठवडा ५. वरचा तक्ता स्वतःच्या पायथन प्रोग्रॅमनं पुन्हा काढा. फिरकी शून्य दिल्यावर ६ आलं नाही तर पुढे जाऊ नका.
4. आठवडे ६ ते ८. मुख्य काम: वर्णपट, तापमानाचा आलेख किंवा कड्याचा आकार.
5. आठवडे ९ आणि १०. गृहीतकं एकेक करून बदला आणि उत्तर किती हलतं ते नोंदवा. परीक्षक याच भागावर सर्वाधिक विचारतात.
6. आठवडे ११ आणि १२. लेखन. आकृत्या आधी तयार करा, मजकूर नंतर.

घरी बसून मोफत काय मिळतं?

- अ‍ॅस्ट्रोसॅटची निरीक्षणं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या या भारतीय उपग्रहाची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. ती वापरताना अडलात तर मदतीसाठी आयुकात कक्ष आहे. ४यू १६३०-४७ या कृष्णविवराची फिरकी सुमारे ०.९२ आहे, हा २०१८ चा निष्कर्ष अ‍ॅस्ट्रोसॅट आणि चंद्रा या दोन उपग्रहांच्या निरीक्षणांतून आला.
- नासाचं हीझार्क भांडार आणि एक्स-स्पेक हे सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट. त्यातलं ‘केर-बीबी’ हे मॉडेल पातळ चकती आणि फिरकी यांच्यासाठीच बनवलं आहे.
- अर्काइव्ह आणि एडीएस. या क्षेत्रातले बहुतेक नवे शोधनिबंध इथं पैसे न देता वाचता येतात.
- गुरुत्वीय लहरींची खुली माहिती. लायगोच्या पहिल्या शोधात, १४ सप्टेंबर २०१५ च्या लहरीत, विलीन होऊन उरलेल्या कृष्णविवराची फिरकी सुमारे ०.६७ निघाली. तिथं चकतीचं मॉडेल लागलंच नाही. द्रव्याच्या गृहीतकांशिवाय फिरकी मोजायची असेल तर हा मार्ग आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

- अंतर आणि वस्तुमान पक्कं नसताना फिरकी सांगणं. सिग्नस एक्स-१ चं उदाहरण पाठ करून ठेवा. २०११ मध्ये त्याचं अंतर १.८६ किलोपार्सेक आणि वस्तुमान सुमारे १४.८ सूर्य मानलं जात होतं. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या नव्या मापनानं अंतर सुमारे २.२ किलोपार्सेक झालं आणि वस्तुमान २१ सूर्यांवर गेलं. असे आकडे बदलले की फिरकीचा हिशेब नव्यानं करावा लागतो.
- एकाच पद्धतीवर विसंबणं. जीआरओ जे१६५५-४० या स्रोताची फिरकी उष्ण वर्णपटावरून ०.७ च्या आसपास येते आणि लोहाच्या रेषेवरून ०.९ च्या वर. दोन्ही निकाल जाणकारांचेच आहेत. तुमच्या अहवालात पद्धतीचं नाव आकड्याच्या शेजारीच हवं.
- काय-स्क्वेअर छान आलं म्हणून मॉडेल बरोबर मानणं. पडद्यावर वरच्या चौकटीत मॉडेलची रेघ बिंदूंवरून सुरेख गेलेली दिसते. नजर खालच्या चौकटीकडे, उरलेल्या फरकांकडे न्या. सहा-सात किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ बिंदू ओळीनं वर उचललेले दिसले, तर तिथं लोहाची रेषा उभी आहे आणि तुमच्या मॉडेलमध्ये ती नाही.
- पाचिन्स्की-विइटा विभव वापरून फिरकीवर निष्कर्ष काढणं. १९८० ची ही सोपी युक्ती न फिरणाऱ्या कृष्णविवरापुरती आहे. तिच्यात फिरकी नाहीच.
- उलट दिशेच्या कक्षांचं चिन्ह चुकवणं. कमाल फिरकीला १ च्या जागी ९, किंवा ९ च्या जागी १, येण्याचं कारण बहुधा हेच असतं.
- कृष्णविवर सगळं ओढून घेतं असं लिहिणं. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वीची कक्षा आहे तशीच राहील. प्रस्तावनेतलं असं एक वाक्य परीक्षकाचा विश्वास घालवतं.

तुमचे हक्क आणि तुमची जबाबदारी

अडचण आल्यावर नियम शोधत बसण्यापेक्षा ते आधीच माहीत असू द्या.

- वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळलं तर ठरावीक मुदतीत, कमाल सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष मनाई, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणी रद्द होते. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वापरला तर त्याचाही उल्लेख करा.
- पीएचडी. २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशभराची सक्ती काढली. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात. महिलांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या प्रवेशावेळी लेखी मागून घ्या.
- तक्रार. २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर लोकपालांकडे अपील करता येतं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.
- लेखकत्व. काम सुरू होतानाच मार्गदर्शकांशी बोला: निबंध झाला तर नावं कोणाची आणि कोणत्या क्रमानं? ठरलेलं ईमेलवर आणा. हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.
- पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं. त्यांच्यापासून दूर राहा. साधी कसोटी अशी: तुम्ही ज्यांचे निबंध वाचता, त्यांनी तिथं कधी छापलंय का? नसेल तर पैसे देऊ नका.
- शिष्यवृत्ती. नेट-जेआरएफ हा एकच मार्ग नाही. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडी संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा आणि अटी दर वर्षीच्या जाहिरातीत पाहा. जातवैधता प्रमाणपत्रासाठी वेळ लागतो, म्हणून ते काम आजच सुरू करा.

पडेगावहून पुढे कुठं?

- आपलं विद्यापीठ. १९५८ मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ पडेगावपासून फार लांब नाही. आधी तिथल्या ग्रंथालयात आणि भौतिकशास्त्र व गणित विभागांत जा. सापेक्षतेचं काम आपल्याकडे पुष्कळदा गणित विभागात चालतं, हे ध्यानात ठेवा.
- एमजीएमचं एपीजे अब्दुल कलाम खगोल अंतराळ विज्ञान केंद्र. विद्यापीठाच्याच शहरात आहे. धाकट्या भावंडांनाही घेऊन जा.
- आयुका, पुणे. जयंत नारळीकर यांनी घडवलेली ही संस्था मुळात विद्यापीठांसाठीच आहे. तिचे उन्हाळी वर्ग आणि सुट्टीतला विद्यार्थी प्रकल्प यांसाठी निवड होऊन काही आठवडे तिथं राहता येतं. म्हणून एरवी पुण्यात खोली घेण्याची गरज नाही. पीएचडीसाठी आयुका आणि एनसीआरए यांची प्रवेश परीक्षा, तसंच जेस्ट, यांची तयारी करा.
- टीआयएफआर, मुंबई. विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. अ‍ॅस्ट्रोसॅटवरची काही महत्त्वाची क्ष-किरण उपकरणं याच संस्थेनं बांधली.
- लायगो-इंडिया. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं भौतिकशास्त्रज्ञ लागतील, तसेच संगणक, निर्वात तंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारेही लागतील.

पालकांसाठी दोन शब्द. या विषयात पुढे संशोधक झालं नाही, तरी माहितीचं विश्लेषण, प्रोग्रॅमिंग आणि त्रुटींसकट आकडा मांडण्याची सवय मुलांच्या हाती राहते. ही कौशल्यं दुसऱ्या अनेक नोकऱ्यांत मागितली जातात.

मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वी

एका कोऱ्या कागदावर या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा आणि तोच कागद घेऊन जा:

1. माझा प्रश्न एका ओळीत काय आहे?
2. द्रव्याचं वजन मी धरलं की सोडलं, आणि का?
3. चकती कोणती निवडली? स्रोताची तेजस्विता त्या निवडीला साजेशी आहे का?
4. माझं उत्तर चुकीचं असेल तर ते मला कशावरून कळेल?
5. फिरकी शून्य ठेवल्यावर माझा प्रोग्रॅम ६ देतो का?

पाचव्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्याची छापील प्रतही सोबत न्या. मार्गदर्शकाला नव्या विद्यार्थ्याबद्दल पहिल्या भेटीत जे जाणून घ्यायचं असतं, ते त्या एका आकड्यातून कळतं.